ताटातली मोकळी जागा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे दरवर्षी जमतो, ते डॉक्टर रुग्णाची नाडी हातात घेण्याआधी त्याला विचारत, ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंस, ते क्रमानं सांग.’ मी त्यांच्या हाताखाली शिकलो. स्वतःचा दवाखाना सुरू केल्यावरही तो प्रश्न मी सोडला नाही. गेल्या काही वर्षांत त्या प्रश्नाला वेगळंच उत्तर येऊ लागलं आहे. ‘साखर बंद केलीय, डॉक्टर. पोळी-भातही बंद.’ हे सांगणाऱ्यांपैकी काहींचं वजन झपाट्यानं उतरलेलं असतं, तर काहींचं उतरून पुन्हा होतं तिथे आलेलं असतं. कुणी म्हणतं, आता गोडाची आठवणही येत नाही. कुणी खालच्या आवाजात सांगतं की रात्री सगळे झोपले की गुळाचा डबा उघडावासा वाटतो. दोघांचंही म्हणणं खरं असतं. एकाच पथ्याची अशी दोन टोकं का होतात, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

हे पथ्य नवं नाही. १८६२ साली लंडनमधले विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ कानाला कमी ऐकू येतं म्हणून डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. वय ६६, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. अंत्यविधीची व्यवस्था करणं हा त्यांचा व्यवसाय होता, राजघराण्यातली कामंही त्यांच्या पेढीकडे असत. वाकून बुटाची नाडी बांधणं त्यांना जमत नव्हतं. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते पाठमोरे उतरत. वजनासाठी त्यांनी आधी पुष्कळ उपाय केले होते. रोज सकाळी नदीवर होडी वल्हवून पाहिली. अंगात बळ आलं, पण भूकही तेवढीच वाढली आणि वजन तिथेच राहिलं. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्यानं ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करतं, हे बर्नार यांनी दाखवून दिलं होतं. त्या विचारातून हार्वे यांनी बँटिंगना पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटा सोडायला सांगितलं. मांस, मासे, भाज्या, फळं, चिमूटभर भाजलेला पाव, एवढंच काय, रोजची वाइनसुद्धा चालू राहिली. सुमारे वर्षभरात ४६ पौंड उतरले. बँटिंगनी १८६३ साली स्वखर्चानं एक पुस्तिका छापून वाटली आणि ती इतकी गाजली की इंग्लंडमध्ये पथ्याला त्यांचंच नाव पडलं.

त्या हकिकतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती होडी. व्यायामानं भूक भडकली आणि ती भागवायला माणूस पुन्हा पावाकडे वळला. पाव आणि साखर सुटल्यावर मात्र तोच माणूस दिवसातून चार वेळा समाधानानं जेवत होता आणि तरी बारीक होत होता. मनोनिग्रह दोन्ही वेळी सारखाच होता. बदललं होतं ते ताट.

आपल्याकडे जिभेवर ताबा नसणं हा स्वभावदोष मानतात. लठ्ठ माणसाला, त्यातही बाईला, ‘जरा तोंड आवर’ असं कुणीही सहज सुनावतं. मला हे फार लागतं. खाण्याची ओढ बऱ्याच अंशी घडवलेली असते. काय खातो, कधी खातो आणि खाल्लेलं किती वेळ पुरतं यावर ती घडते. जी घडते ती मोडताही येते.

त्याचा एक चांगला पुरावा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. २७० लठ्ठ स्त्री-पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला पिष्टमय आणि गोड पदार्थ कमी करायला सांगितले, दुसऱ्याला तेल-तूप-लोणी. दोन वर्षं त्यांच्या आवडीनिवडी आणि तल्लफ मोजत राहिले. पाव-भात-गोड सोडणाऱ्यांची गोडाची आणि पिष्टाची ओढ ओसरली, स्निग्ध पदार्थ सोडणाऱ्यांची तेलकट-तुपकटाची. पिष्ट कमी केलेल्यांना भुकेचा जाचही कमी वाटला. बंदी घातली की त्याच पदार्थाचा ध्यास लागतो, असा आपला समज आहे. इथे सवयीनं सोडलेल्या पदार्थाचा ध्यास सुटतो, असं दिसलं.

पण हे महिन्यांच्या हिशेबात. सुरुवातीचे दिवस अगदी उलटे जातात. ठरावीक पदार्थ थोड्या दिवसांसाठी तोडला तर त्याची तल्लफ वाढते, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून ‘सोमवारपासून कडक’ म्हणणारा माणूस गुरुवारपर्यंत हरलेला असतो. त्या चार दिवसांत शरीरात काय चालतं ते समजून घ्या. आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनएक ग्रॅम पाणी असतं. धान्य आणि साखर थांबली की साठा रिकामा होतो आणि ते पाणीही निघून जातं. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, माणूस हरखतो. त्यातली चरबी थोडीच असते. त्याच वेळी डोकं दुखतं, पाय गळून जातात, चिडचिड होते आणि ‘मला साखर लागतेच, बघा’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर तेव्हा चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा डाळीचं कढण पोटात गेलं तर बरंच निभावतं. रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांनी मात्र हे विचारूनच करावं.

‘मेंदूला साखर हवी, मग ती कुठून येणार?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, हे खरं. पण ती चमच्यानं खाल्लेली साखर असावी लागत नाही. बर्नार यांना जे दिसलं तेच इथे कामी येतं. यकृत ती बनवतं, आणि पिष्ट फारच कमी झालं तर चरबीपासून निघणारी कीटोन द्रव्यं मेंदूचा बराच भार उचलतात.

आता भुकेचं पाहू. १९९९ साली बोस्टनच्या संशोधकांनी १२ लठ्ठ किशोरवयीन मुलांना वेगवेगळ्या दिवशी सारख्याच उष्मांकाचं जेवण दिलं. एक दिवस झटपट होणारे ओट्स, एक दिवस जाडसर कापलेले ओट्स, एक दिवस भाज्या घातलेलं ऑम्लेट आणि फळं. नंतर त्यांना हवं तेवढं खाऊ दिलं. झटपट ओट्सच्या दिवशी मुलांनी ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के जास्त खाल्लं, जाडसर ओट्सच्या दिवसापेक्षा ५३ टक्के जास्त. धान्य तेच, फक्त बारीक दळून शिजवून ठेवलेलं. पटकन विरघळणारं पिष्ट रक्तातली साखर झरकन चढवतं, इन्सुलिन धावून येतं आणि दोन-तीन तासांनी साखर खाली जाते. अकरा वाजता पोटात जी खा-खा सुटते, तिचं मूळ अनेकदा आठच्या नाश्त्यात असतं. पोहे, उपमा, टोस्ट आणि गोड चहा असा नाश्ता करून बाहेर पडणाऱ्यांनी एक आठवडा दोन अंडी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ खाऊन पाहावी आणि अकराची खूण तपासावी.

दुपारच्या चारच्या चहाची गोष्ट वेगळी. तिथे रक्तातल्या साखरेपेक्षा सवय बलवान असते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेनं मला हे नीट दाखवून दिलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये चारला थाळा फिरायचा, कपात दोन चमचे साखरेचा चहा आणि बशीत खारी. पोट भरलेलं असो वा नसो, कपबशांचा आवाज झाला की तिच्या तोंडाला पाणी सुटे. तिनं एकदम काही तोडलं नाही. खारीच्या जागी डब्यातले फुटाणे आणले. साखर दोनाची दीड, मग एक, मग अर्धा चमचा अशी उतरवली. चहा आणि मैत्रिणींशी गप्पा तशाच ठेवल्या. काही महिन्यांनी एका हळदीकुंकवाला मिळालेला नेहमीचा गोड चहा तिला संपवेना. यामागे जिभेचंही कारण आहे. तीन महिने साखर कमी करणाऱ्यांना तोच गोड पदार्थ जास्त गोड लागू लागतो, असं प्रयोगात दिसलं आहे. दिवसाला दोन चमच्यांचे पाच कप चहा म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी असं सांगते. एकट्या चहातच तिच्या दुप्पट होते, मिठाई अजून मोजलेलीच नाही.

मग वजन उतरतं ते कशानं? याबाबत मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या विषयात अतिशयोक्ती फार चालते. धान्य सोडल्यानं शरीरात काही जादूची भट्टी पेटत नाही. माणूस कमी खातो म्हणून वजन उतरतं, आणि भूक शांत झालेली असल्यामुळे कमी खाणं त्याला जड जात नाही. भूक शांत करायचा हा एकच मार्ग आहे, असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अत्यल्प पिष्टाचा, बहुतांशी मांसाहारी आहार आणि दोन आठवडे अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहारी आहार हवा तेवढा खाऊ दिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लोक पिष्टमय शाकाहारावर दिवसाला सुमारे ७०० उष्मांक कमी खात होते. त्याच हॉल यांनी २०१९ साली दाखवलं होतं की कारखान्यात बनलेल्या तयार पदार्थांवर माणूस दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खातो.

स्टॅनफर्डचा २०१८ चा अभ्यास आणखी बोलका आहे. ६०९ माणसं, एक वर्ष. निम्म्यांनी पिष्ट कमी केलं, निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. सरासरी घट पहिल्यांची ६ किलो, दुसऱ्यांची ५.३ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. मात्र दोन्ही गटांना पहिल्याच दिवशी साखर आणि मैदा काढून भरपूर भाज्या खायला सांगितलं होतं. आणि प्रत्येक गटात कुणाचं वजन ३० किलोंनी उतरलं तर कुणाचं १० किलोंनी वाढलं. तुमच्या शेजारच्या माणसाला लागू पडलेलं पथ्य तुम्हाला लागू पडलंच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. माझं मत विचाराल तर साखर आणि मैद्याबाबत वाद उरलेला नाही, ती जितकी जातील तितकं चांगलं. धान्याबाबत मात्र किती, कोणी आणि त्याच्या जागी काय, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. बटाटे, पाव, सलगम असं खाणं, तेही अपुरं. ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ओढीचं हे दुसरं टोक. जो माणूस पोळी-भात काढतो आणि ताटात त्या जागी काहीच वाढून घेत नाही, तो नकळत त्या तरुणांच्या वाटेनं निघालेला असतो. दोन चमचे भाजी आणि काकडीवर दुपार काढणारी गृहिणी रात्री गुळाच्या डब्याशी पोचते, तेव्हा तिची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते. तिचं जेवण कमी पडलेलं असतं.

आणि त्या जागी चुकीचं काही आलं तर काय होतं, हे पाहायला परदेशात जायला नको. धान्य सोडण्याची परंपरा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, शिवरात्र या दिवशी गहू, तांदूळ, ज्वारी वर्ज्य. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काहीही चालत नाही, परसातल्या भाज्यांची एकत्र भाजी करतात. पण बाकीच्या उपवासांच्या ताटात धान्याची जागा घेतली साबुदाण्यानं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८८ ग्रॅमच्या आसपास निव्वळ पिष्ट असतं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. पोळीत निदान दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं तरी असतात. खिचडीत दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं तर ती थोडी सावरते. त्यावर बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी आणि दोन कप चहा झाला की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खरी होते. संध्याकाळी जी भूक लागते ती व्रताची परीक्षा म्हणून सहन करतात, पण ती साबुदाण्यानंच लावलेली असते. त्याच परंपरेत राजगिरा आहे, दाण्याची आमटी आहे, दही-ताक आहे, फळं आहेत. व्रत न मोडता ताट बदलता येतं.

अशीच गफलत भाकरीबाबत होते. ‘पोळी सोडली, आता ज्वारी-नाचणीच’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. भाकरी मलाही प्रिय आहे आणि तिच्यात चोथाही आहे. पण ज्वारीचं पीठ काय, कणीक काय, दोन्हींत वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्टच असतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२५ साली आलेले निष्कर्ष सांगतात की भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टातून येतात. एकूण पिष्ट तेवढंच ठेवून नुसता तांदूळ-मैदा बदलून गहू किंवा भरड धान्य घेतलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टातला थोडा वाटा डाळी किंवा दूधदुभत्यातल्या प्रथिनांना दिला, तेव्हा धोका कमी दिसला. म्हणजे तीन पोळ्यांच्या तीन भाकऱ्या करून भागत नाही. तिनाची दीड भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, हा बदल खरा.

‘मी तर सडपातळ आहे, मला काय त्याचं?’ असं वाटणाऱ्यांसाठी पुण्यातलं उदाहरण देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर न दिसणारी ही चरबी आपल्या लोकांत पोटाभोवती साठते. म्हणून मी रुग्णांना वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजायला लावतो.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेला दोन वेळच्या जेवणाचा विचार आपल्याला माहीत आहे. त्यात पोळी-भाताला बंदी नाही. बंदी आहे ती मधल्या खाण्यावर, आणि त्याबरोबर दिवसभराचा गोड चहा आणि बिस्किटंही जातात. अनेकांना त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. दोनदा भरपेट पिष्टच खाऊन निराश झालेलेही पाहिले आहेत. इथेही त्या दोन ताटांत काय असतं, यावर सगळं ठरतं.

एक धोका मला फार कळकळीनं सांगायचा आहे. ज्यांना मधुमेहाचं इन्सुलिन चालू आहे किंवा ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड अशा गोळ्या चालू आहेत, त्यांनी स्वतःच्या मनानं धान्य आणि साखर एकाएकी सोडू नये. औषध तेवढंच आणि पिष्ट निम्मं झालं की रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दरदरून घाम, थरथर, बोबडं बोलणं, कधी बेशुद्धी. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी घेणाऱ्यांनी पिष्ट जवळजवळ बंद केलं तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, तोही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घ्या, मग ताट बदला. गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी धान्य तोडण्याच्या फंदात पडू नये. पहाटे अंधारात फडावर जाऊन दिवसभर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बीडच्या मजुराला भाकरी कमी कर म्हणणं तर अन्यायच आहे. त्याच्या कष्टाला ती हवीच. त्या भाकरीबरोबर ठेच्याखेरीज काही नसतं, ही त्याची अडचण आहे.

ही अडचण शहरातल्या गरिबांचीही आहे. पोळी कमी करून डाळ, अंडी, दही वाढवा, असं मी सांगतो तेव्हा समोरची बाई मान डोलावते आणि मनात पैशांचा हिशेब करते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला, २०२३ पासून ते मोफत मिळतं. त्या धान्यानं कित्येक घरांतली उपासमार थांबवली, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण त्या कायद्यात डाळ नाही. आपल्या राज्यानं २०२२ च्या दिवाळीपासून सणासुदीला ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात एक किलो चणाडाळ होती, आणि तिच्याबरोबर रवा, साखर, पामतेल. तमिळनाडू वर्षानुवर्षं रेशनवर सवलतीच्या दरात तूरडाळ देत आलं आहे. तूर आपल्या विदर्भ-मराठवाड्यात पिकते. ती पिकवणाऱ्याला भाव आणि खाणाऱ्याला डाळ, दोन्ही एकाच खरेदीतून साधता येईल. दर महिन्याला, सणाची वाट न पाहता, रेशनच्या धान्याबरोबर डाळ मिळाली पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांनीच ही मागणी सरकारकडे लावून धरायला हवी. या तालुक्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंनी त्यासाठीच्या निवेदनावर सह्या कराव्यात, अशी मी इथून विनंती करतो. निवेदनाची प्रत सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे.